येमेनमधलं राजकीय विखंडन आणि शांतता-बांधणी: मुंबईत बसून अभ्यास करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यशास्त्र, इतिहास, समाजकार्य किंवा पत्रकारिता शिकणारे विद्यार्थी येमेनवर प्रबंध करायचा म्हणून विचारपूस करू लागले, की साधारण हेच प्रश्न पुढे येतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच बहुतेकांची गाडी अडते.

मुंबईतल्या विद्यार्थ्यानं येमेनच का निवडावं?

कारण येमेनच्या दक्षिण भागाचं निम्मं दप्तर मुंबईत आहे. १९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेनं एडन घेतलं. ती मोहीम मुंबईहून गेली होती. तेव्हापासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याखाली होता. तिथे भारतीय रुपया १९५१ पर्यंत चालत होता. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेवर एडनलाच पाठवलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा मृत्यू झाला. मेट्रो सिनेमाजवळच्या त्यांच्या नावाच्या चौकातून आपण रोज जातो, पण त्यांना नेमकं एडनलाच का नेलं, हे क्वचितच कोणी विचारतं. एडन हा मुंबई सरकारचाच एक दूरचा कोपरा होता, हे त्याचं उत्तर.

शिवाय एडनच्या पारशांनी आपला पवित्र अग्नी १९७६ मध्ये विमानानं भारतात आणला, तो आज लोणावळ्यात आहे. धीरूभाई अंबानी यांनी नोकरीची सुरुवात एडनमध्ये केली. मराठवाड्यात चाऊस आडनावाची जी कुटुंबं आहेत, त्यांचे पूर्वज पूर्व येमेनमधल्या हद्रामौतहून निजामाच्या फौजेत आले. हद्रामौतमधल्या कुऐती सल्तनतीचा पायाच मुळी हैदराबादच्या जमादारीत कमावलेल्या पैशावर घातला गेला. येमेनमध्ये कोणत्या घराण्याच्या हाती कोणता किल्ला जाणार, हे काही अंशी दख्खनच्या पैशानं ठरत होतं. इतकं जवळचं साहित्य हाताशी असताना आपण हा विषय लंडन-वॉशिंग्टनवर सोडून द्यावा, हे मला पटत नाही.

‘राजकीय विखंडन’ म्हणजे अभ्यासात नेमकं काय बघायचं?

बहुतेक जण सशस्त्र गटांची यादी करतात. यादी लागते, पण तिच्यातून फार कळत नाही. त्यापेक्षा तीन प्रश्न धरून बसा: पगार कोण देतं, कर कोण वसूल करतं, आणि रस्ता कोण उघडतं वा बंद करतं? एखाद्या गावात या तिन्हींची उत्तरं तीन वेगळी आली, तर ते गाव विखंडित राज्यात आहे, मग नकाशावर त्याचा रंग कोणताही असो.

चलनाचं उदाहरण बघा. सप्टेंबर २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष हादी यांच्या सरकारनं मध्यवर्ती बँक राजधानी सानाहून एडनला हलवली. त्यानंतर हुतींच्या (सानावर ताबा असलेल्या उत्तरेतल्या सशस्त्र चळवळीच्या) ताब्यातल्या भागातल्या बहुसंख्य सरकारी नोकरांचे पगार थांबले. शिक्षक, नर्स, कारकून यांना वर्षानुवर्षं पूर्ण पगार दिसला नाही. एडनच्या बँकेनं नव्या नोटा छापल्या. हुतींनी २०१९ च्या अखेरीस त्या नोटांवर बंदी घातली. तेव्हापासून रियाल एकच, पण भाव दोन. सानामध्ये डॉलर सुमारे ५३० रियालवर धरून ठेवला गेला आणि एडनमध्ये तो पुढे २,००० च्या वर गेला. सानाच्या बाजारात जुन्याच नोटा फिरत राहिल्या, मळलेल्या, फाटलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या. शेवटी मार्च २०२४ मध्ये हुतींनी १०० रियालचं नाणं काढलं, त्यावर एडनच्या बँकेनं सानातल्या बँकांवर कारवाई सुरू केली, आणि प्रकरण पुन्हा युद्धाच्या तोंडाशी आलं. एका नाण्याचा हा माग काढला, तर गटांच्या यादीतून जे दिसत नाही ते दिसतं.

पण लढाई दोनच बाजूंची आहे ना? हुती एकीकडे, सरकार दुसरीकडे?

बातम्यांत तसं असतं, आणि शांतता-चर्चाही त्याच गृहीतकावर उभ्या राहिल्या. एप्रिल २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेनं ठराव २२१६ केला. त्यात हादी सरकार वैध मानून हुतींनी शस्त्रं खाली ठेवावीत, ताब्यातला प्रदेश सोडावा, असं म्हटलं. पुढच्या कुवेतच्या (२०१६) आणि स्टॉकहोमच्या (२०१८) चर्चांत टेबलाला दोनच बाजू उरल्या. ज्यांना त्यात खुर्ची नव्हती, त्यांचा हिशोब कुणी मांडलाच नाही. माझ्या मते येमेनच्या शांतताप्रक्रियेचा सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच.

दक्षिणेकडे बघितलं की कारण कळतं. दक्षिण येमेन ३० नोव्हेंबर १९६७ ला स्वतंत्र झालं आणि २२ मे १९९० ला उत्तरेशी एक झालं. चारच वर्षांत, १९९४ मध्ये, दोघांत युद्ध झालं आणि ७ जुलैला उत्तरेच्या फौजा एडनमध्ये शिरल्या. दक्षिणेचे हजारो अधिकारी आणि सैनिक घरी बसवले गेले. २००७ मध्ये याच निवृत्त सैनिकांनी पेन्शनसाठी धरणं धरली, आणि त्यातून दक्षिणेची चळवळ, ‘हिराक’, उभी राहिली.

पण दक्षिणही एकसंध नाही. १३ जानेवारी १९८६ रोजी एडनमध्ये सत्ताधारी समाजवादी पक्षाचेच दोन गट एकमेकांवर तुटून पडले आणि थोड्या दिवसांत हजारो माणसं मेली. ढोबळमानानं एकीकडे अबयान आणि शबवा प्रांतांतली माणसं होती, दुसरीकडे धाले आणि लहेजची. हरलेल्या बाजूचे हादी उत्तरेत पळाले आणि १९९४ च्या युद्धात उत्तरेचे संरक्षणमंत्री होते. आता पुढे या. मे २०१७ मध्ये दक्षिण संक्रमण परिषद स्थापन झाली, तिचे नेते ऐदारूस अल-झुबैदी धालेचे. ऑगस्ट २०१९ मध्ये या परिषदेनं हादींच्या सरकारकडून एडन हिसकावलं. हादी अबयानचे. तेहतीस वर्षांपूर्वीची रेघ पुन्हा उघडी पडली होती. नोव्हेंबर २०१९ च्या रियाध करारानं ती बुजवायचा प्रयत्न झाला, आणि एप्रिल २०२२ मध्ये हादींनी सत्ता आठ जणांच्या राष्ट्राध्यक्षीय नेतृत्व परिषदेकडे सोपवली. त्या आठांत झुबैदी होते, माजी राष्ट्राध्यक्ष सालेह यांचे पुतणे तारिक सालेह होते, मारिबचे सुलतान अल-अरादा होते. प्रत्येकाची फौज वेगळी, पैसा येण्याची वाट वेगळी. ‘सरकारी बाजू’ असं लिहिताना हे डोक्यात असू द्या.

हे मुळात शिया-सुन्नी भांडण नाही का?

नाही. हुती झैदी (शियांचा येमेनमधला एक पंथ) आहेत, हे खरं. पण २००४ ते २०१० या काळात सअदा प्रांतात त्यांच्याविरुद्ध सहा युद्धं लढणारे राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह हेही झैदीच. तेच सालेह २०१४ नंतर हुतींचे सोबती झाले, आणि ४ डिसेंबर २०१७ ला हुतींच्याच हातून मारले गेले. धर्माचा भाग नाकारू नका; पण प्रबंधाची सुरुवात तिथून केलीत तर या तीन वळणांपैकी एकाचंही स्पष्टीकरण देता येणार नाही.

इतिहास किती मागे न्यावा?

प्रश्नावर अवलंबून आहे. २०१८ नंतरच्या होदेदा बंदरावर लिहिणाऱ्याला १८३९ ची गरज नाही. पण दक्षिणेत स्थानिक प्रमुखांना बाहेरच्या सत्तेकडून पैसा मिळण्याची पद्धत कुठून आली, हा प्रश्न असेल तर मुंबईच्या कागदांना पर्याय नाही. १८३९ मध्येच लहेजच्या सुलतानाला वर्षाला ६,५०० डॉलर (त्या काळचे चांदीचे) तनखा देण्याचं ठरलं. सुलतानानं एडन परत घेण्यासाठी हल्ले केले, तनखा बंद झाला. तो नमला, पुन्हा सुरू झाला. हीच रीत पुढे आसपासच्या डझनभर प्रमुखांशी संरक्षण-करार करून पसरवली गेली. प्रत्येकाशी वेगळा करार, वेगळा तनखा. २०१५ नंतर अबुधाबी (संयुक्त अरब अमिराती) किंवा रियाधकडून (सौदी अरेबिया) पगार घेणाऱ्या तुकड्या बघताना ही पद्धत आठवते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मात्र लिहू नका. मधे १९६७ ची क्रांती आणि तेवीस वर्षांचं समाजवादी राज्य आहे, आणि त्यानं या प्रमुखांना हाकलून दिलं होतं.

पुराभिलेखागारात काय मिळेल? तिथे जायचं कसं?

महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. मुंबई सरकारच्या राजकीय आणि गुप्त विभागांच्या कागदांत एडनचा पत्रव्यवहार सापडतो: रेसिडेंटची (एडनमधल्या ब्रिटिश प्रतिनिधीची) पत्रं, टोळ्यांविषयीचे अहवाल, तनख्याचे हिशोब, बंदराचे खर्च. आपल्या विद्यापीठातल्या विभागाचं पत्र आणि ओळखपत्र सोबत न्या, आणि नियम आधी विचारून घ्या. सूची चाळण्यातच सुरुवातीचे दिवस जातात, त्याची मनाची तयारी ठेवा. एकाच गावाचं नाव तीन पानांत तीन प्रकारे लिहिलेलं असतं, म्हणून पहिल्या दिवसापासून स्पेलिंगची स्वतःची वही करा. कागद जीर्ण असतात. पानं सावकाश उलटा आणि पेन्सिलच वापरा.

एडनमध्ये साहाय्यक रेसिडेंट असलेल्या प्लेफेअर यांचा येमेनचा इतिहास मुंबई सरकारच्या निवडक दप्तरांत १८५९ साली छापला गेला. एचिसन यांच्या करारसंग्रहात एडन भागातले करार आहेत. दोन्ही जुनी छापील साधनं आहेत आणि आंतरजालावरही सापडतात. हे कागद वाचताना एवढं ध्यानात ठेवा की लिहिणारा सत्ताधाऱ्यांचा नोकर आहे. ‘बंडखोर टोळी’ असं तो लिहितो तेव्हा बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं, की कोणीतरी तनख्याची रक्कम नाकारलेली असते. एडन घेणारे कॅप्टन हेन्स यांचंही प्रकरण त्याच दप्तरांत आहे. खजिन्यात तूट निघाली म्हणून याच सरकारनं त्यांना मुंबईच्या तुरुंगात वर्षानुवर्षं ठेवलं, आणि १८६० मध्ये सुटल्यावर लगेचच ते वारले.

प्रत्यक्ष येमेनला जाता येईल का?

नाही असं समजूनच आराखडा करा. २०१७ च्या अधिसूचनेनुसार भारतीय पासपोर्टवर येमेनला जायला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. शिवाय जून २०२४ मध्ये हुतींनी संयुक्त राष्ट्रं आणि स्वयंसेवी संस्थांच्या डझनावारी येमेनी कर्मचाऱ्यांना उचललं. तुमच्यासाठी माहिती गोळा करणाऱ्या माणसावर काय वेळ येऊ शकते, याचा अंदाज त्यावरून बांधा. पैसे देऊन तिथल्या कुणाला ‘फील्डवर्क’ला पाठवण्याचा विचारही करू नका.

मग मुंबई-पुण्यातल्या येमेनी लोकांच्या मुलाखती घेऊ का?

घेता येतात, पण मी या बाबतीत कडक आहे. पुण्यात येमेनी विद्यार्थी असतात, मुंबईच्या रुग्णालयांत येमेनी रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक येतात. रुग्णालयात जाऊन मुलाखत मागायची नाही, कितीही ओळख असली तरी. शस्त्रक्रियेची वाट बघणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा, दुभाष्याच्या भरवशावर असलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

विद्यार्थ्यांशी बोलायचं तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या. बोलणाऱ्याचं गाव, टोळी, कॉलेज, वर्ष यांतल्या दोन गोष्टी एकत्र लिहिल्या तरी तो ओळखू येऊ शकतो, कारण समुदाय छोटा आहे. घरचे सानात आणि मुलगा पुण्यात, अशी स्थिती असते. इथे बोललेल्या वाक्याची किंमत तिथे मोजावी लागू शकते. नावं फोनमध्ये ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्नावली पाठवू नका. आणि ‘तू कोणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न कधीच नको. त्याऐवजी विचारा: घरी पैसे कसे पाठवतोस? वाटेत किती चौक्या लागतात? पासपोर्ट कुठून काढलास? यावर माणसं मोकळी होतात, आणि विखंडनाविषयी कोणत्याही मतापेक्षा जास्त सांगून जातात. अर्थात हेही सांगायचं नसेल, तर चहा पिऊन उठायचं.

अरबी येत नाही. चालेल?

एम.ए.च्या प्रबंधाला चालेल, पीएच.डी.ला नाही. आजच वर्ग लावा. तोवर एक उपाय: संयुक्त राष्ट्रांचे ठराव आणि सुरक्षा परिषदेचे अहवाल अरबी आणि इंग्रजी दोन्हींत निघतात. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचा. राजकीय शब्दसंग्रह तिथून पटकन जमतो.

आकडे कुठून घ्यावेत आणि किती भरवसा ठेवावा?

घटनांसाठी ‘अ‍ॅक्लेड’चा विदा (डेटा), हवाई हल्ल्यांसाठी ‘येमेन डेटा प्रोजेक्ट’, धान्याच्या भावांसाठी जागतिक अन्न कार्यक्रम, गटांचा पैसा आणि शस्त्रं यांसाठी सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ मंडळाचे अहवाल, करारांसाठी एडिनबरा विद्यापीठाचा ‘पीए-एक्स’ संग्रह. शेवटच्या संग्रहात स्थानिक पातळीवरचे करारही आहेत आणि तुमच्या कामाला तेच जास्त उपयोगी पडतील. सानातल्या आणि एडनमधल्या संशोधकांचं लेखन वाचायचं असेल तर ‘साना सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक स्टडीज’पासून सुरुवात करा.

मृतांच्या आकड्यावर सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. २०२१ च्या अखेरीपर्यंत ३,७७,००० मृत्यू, हा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं प्रारूप (मॉडेल) वापरून काढलेला अंदाज आहे. त्यातले सुमारे ६० टक्के मृत्यू उपासमार, दूषित पाणी, उपचार न मिळणं अशा अप्रत्यक्ष कारणांचे आहेत. ‘अ‍ॅक्लेड’ नोंदवलेल्या चकमकींतले मृत्यू मोजतं. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घालून ‘तफावत’ काढणारे प्रबंध मी पाहिले आहेत. ती तफावत नव्हे, ती दोन वेगळ्या गोष्टींची मोजणी आहे. तसंच, जिथे पत्रकारांना बोलता येत नाही तिथल्या घटना कमी नोंदल्या जातात. विदामध्ये शांत दिसणारा जिल्हा दडपलेलाही असू शकतो.

शांतता-बांधणी म्हणजे करार वाचणं का?

करार वाचा, पण तिथे थांबू नका. २०१३-१४ ची राष्ट्रीय संवाद परिषद घ्या. १८ मार्च २०१३ पासून २५ जानेवारी २०१४ पर्यंत ५६५ प्रतिनिधी बसले. निम्म्या जागा दक्षिणेला, ३० टक्के महिलांना, २० टक्के तरुणांना. कागदावर याहून चांगली रचना शोधूनही सापडणार नाही. पण दक्षिणेतल्या चळवळीच्या मोठ्या भागानं बहिष्कार घातला, आणि देशाचे सहा प्रांत करायचा निर्णय परिषद संपल्यावर एका छोट्या समितीनं काही दिवसांत उरकला. त्या आराखड्यात हुतींचं सअदा समुद्राशिवायच्या प्रांतात गेलं. २१ सप्टेंबर २०१४ ला हुतींनी साना घेतलं. जानेवारी २०१५ मध्ये राज्यघटनेचा मसुदा घेऊन निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयप्रमुखांनाच वाटेत पळवलं गेलं. सभागृहात दहा महिने जे कमावलं, ते बंद खोलीतल्या एका निर्णयानं गमावलं.

याउलट छोटी, नेमकी कामं टिकलेली दिसतात. ऑक्टोबर २०२० मध्ये रेड क्रॉसच्या मदतीनं हजाराहून जास्त कैद्यांची देवाणघेवाण झाली, एप्रिल २०२३ मध्ये आणखी सुमारे नऊशे जणांची. त्यामागे अपहृतांच्या आयांची संघटना आणि टोळ्यांमधले मध्यस्थ वर्षानुवर्षं खपत होते. होदेदाजवळ सडत पडलेल्या ‘सेफर’ या जहाजातून ऑगस्ट २०२३ पर्यंत ११ लाखांहून जास्त पिंपं तेल दुसऱ्या जहाजात काढलं गेलं, तेही एकमेकांशी लढणाऱ्या बाजूंच्या संमतीनं. २३ जुलै २०२४ ला, वर सांगितलेली सानातल्या बँकांवरची कारवाई मागे घेण्याचं ठरलं.

आणि ताईझ. शहर सरकारी बाजूकडे, पूर्वेचा हौबान भाग हुतींकडे. मधला काही किलोमीटरचा रस्ता युद्धाच्या सुरुवातीलाच बंद झाला. ज्या अंतराला पूर्वी पंधरा-वीस मिनिटं लागायची, तिथे डोंगरातल्या अरुंद वाटेनं पाच-सहा तास. प्रसूतीला निघालेली बाई, गॅसची टाकी, पिठाचं पोतं, सगळं त्याच वाटेनं. स्टॉकहोममध्ये ताईझसाठी फक्त एक समन्वय-सहमती झाली आणि ती कागदावरच राहिली. २०२२ च्या युद्धविरामात रस्ते उघडण्याचं कलम होतं, तेही अडलं. जून २०२४ मध्ये रस्ता उघडला, तो स्थानिक मध्यस्थांच्या खटपटीनंतर. तो का उघडला, तेव्हाच का उघडला, कोणाचा फायदा झाला, चौकीवर आता कोण काय वसूल करतं, एवढ्यावर एक पूर्ण प्रबंध होतो. आणि तो कोणीतरी मराठी विद्यार्थ्यानं करावा, असं मला मनापासून वाटतं.

भारताचा काही संबंध?

२०१५ च्या ‘ऑपरेशन राहत’मध्ये भारतानं सुमारे ४,६४० भारतीय आणि ९६० परदेशी नागरिक येमेनमधून बाहेर काढले. ‘आयएनएस मुंबई’ त्या मोहिमेत होतं. साना विमानतळावर विमान उतरवायला आकाशाची परवानगी सौदीकडून आणि धावपट्टीची सानावर ताबा असलेल्या हुतींकडून. या दृष्टीनं त्या मोहिमेचा अभ्यास फारसा झालेला नाही. होदेदातल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाचं नेतृत्वही २०१९ पासून काही काळ निवृत्त लेफ्टनंट जनरल अभिजित गुहा यांच्याकडे होतं.

प्रबंधाचा विषय केवढा असावा?

एक रस्ता, एक बंदर, एक बँक, एक करार. ‘येमेनमधील संघर्ष: एक अभ्यास’ असा विषय घेऊन येणाऱ्याला मी आधी ताईझचा नकाशा देते.

लिहिता लिहिता परिस्थिती बदलली तर?

बदलणारच. सुरुवातीलाच एक तारीख ठरवा आणि त्यापुढच्या घटना मुख्य मजकुरात घेऊ नका. शेवटी जोडपत्रात दोन पानं द्या. प्रत्येक नोंदीवर ती कधी वाचली, ते लिहा. संकेतस्थळं अचानक बंद पडतात, म्हणून प्रत उतरवून ठेवा. नकाशात प्रदेश सलग रंगवण्याऐवजी चौक्या, बंदरं आणि बँकांच्या शाखा ठिपक्यांनी दाखवा, आणि प्रत्येक ठिपक्याला तारीख लावा.